मूळ कथेचा धाक

पुराणकथांच्या आधुनिक पुनर्कथनांविषयी एक मत मराठी समीक्षेत आणि सुशिक्षित वाचकवर्गात इतके रुळले आहे की ते मांडताना पुरावा देण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. महाभारत असो वा ग्रीक शोकांतिका, जीवनविषयक गहन चिंतन मूळ कृतीतच असते आणि तिच्यावर बेतलेल्या कादंबऱ्या व नाटके म्हणजे त्या चिंतनाचे पाणी घालून वाढवलेले रूप असते, असे हे मत सांगते. आधुनिक लेखक आपल्या काळाचे मानसशास्त्र आणि आपल्या काळाचे राजकारण प्राचीन पात्रांच्या तोंडी घालतो, त्यामुळे भावना फुगतात आणि विचार आटतो. शिवाय ज्याने मूळ ग्रंथ उघडलेला नाही तो सामान्य वाचक या कादंबरीलाच महाभारत समजून फसतो, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. या मताचा दरारा एवढा आहे की पुनर्कथन करणारे लेखकही प्रस्तावनेत मूळ कथेशी आपण किती प्रामाणिक राहिलो याची ग्वाही देऊ लागतात, जणू काही प्रामाणिकपणा हाच या साहित्यप्रकाराचा एकमेव निकष आहे.

हे मत चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असण्याचे कारण साधे आहे. पुनर्कथनाचा तात्त्विक आशय, म्हणजे माणसाने कसे जगावे, कर्तव्य कोणापुढे असते, दुःखाला अर्थ असतो का या प्रश्नांवर त्या कृतीने घेतलेली भूमिका, पात्रांच्या तोंडच्या सुभाषितांत सापडत नाही. लेखकाने परिचित कथेत जो बदल केला, जे गाळले, जे वाढवले आणि जो शेवट फिरवला, त्या बदलात ती भूमिका असते. वाचकाला कथा आधीच ठाऊक असल्यामुळे बदल त्याला लगेच जाणवतो आणि तो असा का केला, हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून बदल हाच युक्तिवाद असतो. त्याला विकृती म्हणून बाजूला सारणारा समीक्षक त्या कृतीतील विचार तपासण्याआधीच दार लावून घेतो.

प्रथम 'मूळ' या कल्पनेकडेच पाहावे लागेल, कारण सगळा आक्षेप तिच्यावर उभा आहे. महाभारताची कथा व्यासांकडून वैशंपायन शिकतो, तो ती जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगतो, तेथे ती ऐकलेला उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना पुन्हा सांगतो. म्हणजे वाचकाच्या हाती येणारा ग्रंथ स्वतःच पुनर्कथनाचे पुनर्कथन म्हणून आपली ओळख करून देतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेला पाठ, १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्यासाठी १२०० हून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. या प्रकल्पाचे दीर्घकाळ संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल तितका जुना पाठ सिद्ध करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. व्यासांच्या हातचा आद्य ग्रंथ सापडल्याचा दावा त्यांनी केला नाही. ज्या संस्थेने 'मूळ' शोधण्यासाठी जवळजवळ अर्धे शतक वेचले तिनेच इतका संयम पाळला असेल, तर कादंबरीकाराला मूळच्या नावाने दटावणारे समीक्षक कोणत्या ग्रंथावर हात ठेवून बोलत असतात?

ग्रीक कथांची स्थिती यापेक्षा वेगळी नाही. होमरच्या 'ओडिसी'त ईडिपसची माता व पत्नी गळफास घेते, परंतु तो स्वतः थीब्जवर राज्य करीत राहतो. स्वतःचे डोळे फोडून घेणारा ईडिपस, ज्याला पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस'मधून मराठीत आणले, तो सोफोक्लीजच्या रंगमंचावर उभा राहिलेला ईडिपस आहे. मेडिआने आपल्या मुलांना मारले ही गोष्ट आज सर्वांना मूळ वाटते, मात्र युरिपिडीजचे नाटक इसवीसनपूर्व ४३१ मध्ये झाले आणि त्याखेरीज मुलांचा वध कॉरिंथच्या नागरिकांनी केला असे सांगणारी परंपराही प्राचीन काळी होती. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी १९९६ च्या आपल्या कादंबरीत मेडिआला निर्दोष ठरवले तेव्हा त्यांच्यावर मूळ कथा मोडल्याचा आरोप करणे सोपे होते. प्रत्यक्षात त्या एका प्राचीन शाखेकडे परतल्या होत्या आणि एका परक्या स्त्रीवर गुन्हा लादून नगर आपली सुटका कशी करून घेते, हा प्रश्न त्यांनी त्या शाखेतून बाहेर काढला होता.

आपल्याकडे तर हा आक्षेप निवडक लोकांपुरताच वापरला जातो, आणि हे अधिक क्लेशदायक आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप व हरवलेली अंगठी कथेत आणली आणि राजाचा अपराध त्याच्या विस्मरणावर ढकलला. हा बदल किरकोळ नाही; माणूस जाणूनबुजून करतो त्या अन्यायाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तरच त्याने पालटले आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांडी मोडून पडलेला दुर्योधन क्षमाशील वीर म्हणून मरतो, तोही असाच मोठा फेरफार. मराठीत एकनाथांनी रामायण, त्यांचा नातू मुक्तेश्वर याने महाभारत आणि पुढे श्रीधराने 'पांडवप्रताप' आपापल्या श्रोत्यांसाठी नव्याने रचले. या सर्वांच्या फेरफारांना परंपरा म्हणायचे आणि वि. स. खांडेकर किंवा शिवाजी सावंत या कादंबरीकारांच्या फेरफारांना विकृती, हा भेद कोणत्या तत्त्वावर करायचा? काळाच्या अंतराखेरीज दुसरे तत्त्व कोणी दाखवून दिलेले नाही, आणि जुनेपणा हा काही विचाराचा गुण नव्हे.

आता दुसरा आक्षेप, की आधुनिक कृतींत भावना असतात पण तत्त्वज्ञान नसते. याच्या तपासणीसाठी ययातीच्या कथेइतके योग्य उदाहरण नाही, कारण अवघ्या सात वर्षांत तीन समर्थ लेखकांनी तिला हात घातला: वि. स. खांडेकरांची कादंबरी 'ययाति' १९५९ मध्ये, गिरीश कार्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक १९६१ मध्ये आणि वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' हे संगीत नाटक १९६६ मध्ये. आदिपर्वातील कथा थोडक्यात अशी: शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला ययाति मुलांकडे तारुण्य मागतो, देवयानीचे यदू व तुर्वसू आणि शर्मिष्ठेचे द्रुह्यू व अनू नकार देतात, शर्मिष्ठेचा धाकटा पुरू होकार देतो, हजार वर्षे भोग घेतल्यावर भोगाने वासना शमत नाही हे राजाला कळते, तो तारुण्य परत करतो आणि पुरूला राज्य देतो.

खांडेकरांनी या चौकटीत केलेले दोन बदल निर्णायक आहेत. महाभारतात संजीवनी विद्या मिळाल्यावर देवलोकी निघून जाणारा कच त्यांच्या कादंबरीत अखेरपर्यंत वावरतो, आणि ज्याचा महाभारतात मुनी झाला एवढाच उल्लेख येतो तो ययातीचा थोरला भाऊ यती येथे देहाचा द्वेष करणारा, स्त्रीपासून पळणारा तपस्वी म्हणून समोर उभा राहतो. परिणामी एकाच राजाच्या अनुभवाची कथा तीन जीवनमार्गांच्या संघर्षात बदलते: देहाला शरण जाणारा, देहाला ठेचणारा आणि देहाचा मान राखून त्याला आवर घालणारा. आदिपर्वाचा प्रश्न, भोगाने तृप्ती होते का, हा आहे; खांडेकरांचा प्रश्न असा की भोग आणि दमन या दोहोंच्या पलीकडे माणसाला तिसरी वाट आहे का. हा प्रश्न भावनेचा आहे की नीतिशास्त्राचा? खांडेकरांची भाषा अनेक ठिकाणी अलंकारांनी जड होते आणि कच उपदेश करू लागला की कादंबरी थिजते, एवढे खुशाल मान्य करावे. पण यातूनही येथील मुद्दाच पुढे सरकतो, कारण कादंबरी सुविचार उच्चारते तेथे दुबळी आहे आणि तीन माणसांना शेजारी शेजारी उभे करते तेथे विचार करते आहे.

कार्नाडांचा बदल याहून धारदार आहे. ग्रीक नाटककार आणि फ्रेंच अस्तित्ववादी यांचा प्रभाव त्यांनी स्वतः मान्य केला होता. अस्तित्ववाद म्हणजे माणूस आधी ठरलेल्या सारतत्त्वातून घडत नसून आपल्या निवडींतून घडतो आणि म्हणून त्या निवडींचे ओझे त्याला कोणावरही टाकता येत नाही, असे मानणारी विचारसरणी. कार्नाडांनी पुरूला चित्रलेखा नावाची पत्नी दिली. तिचा नवरा एका रात्रीत वृद्ध होतो, त्याचे तारुण्य सासऱ्याच्या देहात गेलेले असते, आणि ज्याने हे तारुण्य घेतले त्याने तिचीही जबाबदारी घ्यावी अशी मागणी करून ती अखेर मृत्यू पत्करते. महाभारताने पुरूच्या त्यागाचे कौतुक केले आणि त्याला राज्य दिले. तो त्याग करताना त्याने आणखी कोणाचे आयुष्य देऊन टाकले, हे त्याला कोणी विचारले नव्हते. चित्रलेखेच्या एका पात्रामुळे त्यागाची कल्पनाच तपासणीखाली येते. स्वतःचे म्हणून माणूस जे देतो ते खरोखर केवळ त्याचे असते का? या प्रश्नाला तत्त्वज्ञान म्हणायचे नसेल, तर तत्त्वज्ञान कशाला म्हणायचे हे आक्षेपकांनी सांगावे. शिरवाडकरांनी देवयानीला शीर्षकातच ययातीच्या बरोबरीने बसवले, यावरूनही कथेचा भार कोणीकडे झुकवायचा हा निर्णय किती वेगळा असू शकतो, हे दिसते.

फ्रेंच नाटककार झाँ आनुई यांच्या 'अँटिगनी'त हीच पद्धत आढळते. सोफोक्लीजची अँटिगनी भावाला मूठमाती देते ती देवांच्या अलिखित नियमांच्या आधारावर. आनुईंचे नाटक १९४४ मध्ये जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये झाले, आणि त्यात क्रेऑन राजा तिला सांगतो की दोघे भाऊ सारखेच नालायक होते आणि उघड्यावर सडणारे प्रेत नक्की कोणाचे हेही त्याला ठाऊक नाही. तिच्या कृतीखालची धर्माची जमीन अशी काढून घेतली जाते आणि तरीही ती नकारावर ठाम राहते. डॉ. श्रीराम लागूंनी हेच नाटक मराठीत आणले. ज्याला सोफोक्लीजची कथा ठाऊक आहे त्यालाच या नकाराचे भयाण एकटेपण पुरते समजते. ज्याने हे नाटक 'मूळ कथेची मोडतोड' म्हणून बाजूला ठेवले त्याला, कोणताही आधार उरला नसताना माणूस नाही का म्हणू शकतो, हा प्रश्न ऐकूच येणार नाही.

तिसरा आक्षेप कालविपर्यासाचा, म्हणजे एका काळातील विचार दुसऱ्या काळातील माणसांवर लादल्याचा. कर्णाच्या बाबतीत तो हमखास घेतला जातो: जन्मावरून होणारा अपमान ही आधुनिक संवेदना शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये महाभारतावर चिकटवली, असे म्हटले जाते. असे म्हणणाऱ्यांनी आदिपर्वातील शस्त्रपरीक्षेचा प्रसंग पुन्हा वाचावा. कृप कर्णाला त्याचे कुळ विचारतो, दुर्योधन त्याला तेथेच अंगदेशाचा राजा करतो, त्याला वाढवणारा थकलेला सारथी अधिरथ आत येताच कर्ण मुकुटासह त्याच्यापुढे मस्तक लववतो, आणि तेवढ्यात भीम त्याला तुझ्या कुळाला शोभेल तो चाबूक हाती घे असे सुनावतो. हा अपमान विसाव्या शतकाने लिहिलेला नाही. महाभारताने तो दाखवला आणि त्याचा न्याय न करता पुढे पाऊल टाकले. सावंतांनी त्या क्षणी थांबून कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांना बोलते केले.

महाभारताचे चिंतन अनेकदा अशा सोडून दिलेल्या प्रश्नांच्या रूपानेच येते. द्यूतसभेत द्रौपदी विचारते की स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला तिला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का. धर्म सूक्ष्म आहे असे सांगून भीष्म निर्णय देत नाहीत. ज्या ग्रंथाने आपल्या सर्वांत ज्ञानी माणसाला निरुत्तर ठेवले, त्या ग्रंथाचे उत्तर कादंबरीकाराने बिघडवले असा आरोप कसा करता येईल? अनुत्तरित प्रश्न पुढील पिढ्यांच्या हाती आलेला असतो आणि त्यांनी त्याला भिडणे हेच त्याचे आयुष्य असते.

हे भिडणे किती परस्परविरोधी असू शकते याची साक्ष १९६७ हे एकच वर्ष देते. चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्याच्या पुढच्याच वर्षी 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. सावंतांचा कर्ण उपेक्षेतही तेजस्वी राहणारा महापुरुष आहे. कर्वे चिकित्सक आवृत्तीला धरून चालतात, आणि ज्या कर्णाने सभेत द्रौपदीला कुलटा म्हटले आणि तिची वस्त्रे काढण्यास सांगितले त्याच्यावर सहानुभूतीचा साज चढवायला तयार होत नाहीत. कर्वे द्रौपदीलाही सवलत देत नाहीत: भर सभेत कायद्याचा पेच घालणे ही तिची चूक होती, असे परखडपणे लिहितात. मूळनिष्ठांना वाटते की दोन्ही पुस्तकांत सामना झाला आणि शास्त्रनिष्ठ पुस्तक जिंकले. वस्तुस्थिती अशी की दोन्ही पुस्तके एकाच प्रश्नाला उत्तर देतात: अन्याय सोसलेल्या माणसाने केलेल्या अन्यायाचे माप कोणते? सावंत सोसण्याला अधिक वजन देतात, कर्वे करण्याला. येथे वाद पाठाचा नसून नीतीचा आहे. आणि याच कर्वे, हिमालयात द्रौपदी कोसळते व युधिष्ठिर मागे न पाहता चालू लागतो त्या ठिकाणी, महाभारताचा आधार सोडतात, यापुढचे आपले आहे असे स्पष्ट सांगतात, आणि अखेरच्या क्षणी भीमाचे प्रेम ओळखणारी द्रौपदी लिहितात. मानववंशशास्त्राची शिस्त अंगी बाणलेल्या विदुषीलाही द्रौपदीविषयी जे म्हणायचे होते ते पूर्णपणे म्हणण्यासाठी कथा पुढे न्यावी लागली, यापेक्षा मोठी साक्ष पुनर्कथनाच्या बाजूने कोणती हवी?

शेवटचा आक्षेप वाचकाविषयीचा आहे, आणि त्यामागील तुच्छता सहन करण्याजोगी नाही. कादंबरी वाचणारा सामान्य माणूस तिलाच मूळ समजतो, असे म्हणताना ज्या वाचकाचे चित्र डोळ्यांपुढे असते तो मिरा-भाईंदरमधील नवघरसारख्या वस्तीत राहतो. मिठागरे आणि शेते यांच्या या पट्ट्यात पाहता पाहता इमारती उभ्या राहिल्या आणि कोकणातून व देशावरून आलेली कुटुंबे त्यांत स्थिरावली. या वस्तीतील माणूस 'मृत्युंजय' ग्रंथालयातून आणतो तेव्हा तो रिकाम्या मनाने येत नाही. सिंधुदुर्गातील कुटुंबाने दशावतारी खेळात रात्रभर एक कर्ण पाहिलेला असतो, घरातील वडीलधाऱ्यांनी 'पांडवप्रताप' वाचताना दुसरा ऐकवलेला असतो, आणि १९८८ पासून दूरदर्शनवर दर रविवारी लागणाऱ्या, बी. आर. चोप्रा यांच्या निर्मितीतल्या आणि राही मासूम रझा यांनी संवाद लिहिलेल्या मालिकेने तिसरा दाखवलेला असतो. निरनिराळ्या रूपांत भेटलेला हा एकच माणूस ताडून पाहण्याची सवय त्या वाचकाला लहानपणापासून असते. एका कर्णाला खरा ठरवून बाकीचे खोटे ठरवण्याची घाई त्याला नसते, ती समीक्षकाला असते. फसवला गेलेला वाचक नेमका कोण?

सगळी पुनर्कथने चांगली असतात, असे येथे कोणी म्हणत नाही. प्राचीन वेष, लांब संवाद आणि आधीच मान्य असलेल्या भावना एवढ्यावर भागवणारी पुस्तके मराठीत आहेत, आणि ग्रीक कथांच्या सध्याच्या इंग्रजी लाटेतही आहेत. पण त्यांचा दोष मूळ बदलल्याचा नाही. काहीच बदलण्याचे धाडस न केल्याचा तो दोष आहे. मार्गारेट ॲटवुड यांनी २००५ मध्ये पिनलपीची कथा लिहिताना 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात फासावर लटकवलेल्या बारा दासींना वृंदगानाचा आवाज दिला, तेव्हा वीराच्या घरवापसीची किंमत कोणी मोजली, हा हिशेब मांडला गेला. असा हिशेब न मांडणारे पुनर्कथन निष्फळ आहे, मग ते मूळ श्लोकांना कितीही चिकटून असो.

आणि हिशेब मांडायचाच तर ययातीच्याच कथेत एक मोठी रक्कम बाकी आहे. वर सांगितलेल्या तिन्ही कृती देवयानी, शर्मिष्ठा आणि पुरू यांच्याभोवती फिरतात. उद्योगपर्वात मात्र नारद दुर्योधनाला हट्टाचा दुष्परिणाम समजावण्यासाठी याच ययातीची दुसरी कथा सांगतो. गालवाला गुरू विश्वामित्राच्या दक्षिणेसाठी एक कान काळा असलेले आठशे पांढरे घोडे हवे असतात. दाराशी आलेल्या याचकाला विन्मुख न पाठवण्याच्या कीर्तीसाठी ययाति त्याला आपली मुलगी माधवी देऊन टाकतो. गालव तिला हर्यश्व, दिवोदास आणि उशीनर या राजांकडे प्रत्येकी दोनशे घोड्यांच्या मोबदल्यात नेतो, उरलेल्या दोनशेंच्या जागी विश्वामित्र तिलाच ठेवून घेतो, आणि चौघांना ती एकेक मुलगा देते. पुढे तिचे स्वयंवर मांडले जाते तेव्हा ती वनाला वरते. स्वर्गातून पडलेला ययाति याच चार नातवांच्या आणि या मुलीच्या पुण्यावर पुन्हा वर जातो. आदिपर्वात हेच पतन सांगितले आहे, परंतु तेथे राजा नातवांनी देऊ केलेले पुण्य नाकारतो. एकाच ग्रंथात एकाच राजाच्या उद्धाराची दोन वेगळी रूपे आहेत, आणि त्यांतील एकात वासनेपेक्षा भयंकर असा एक भोग आहे: दातृत्वाच्या कीर्तीचा, मुलीच्या देहाने विकत घेतलेला. भीष्म साहनींनी 'माधवी' या हिंदी नाटकात तिला बोलते केले. माधवी कोणा आधुनिक लेखकाची कल्पना नाही, चिकित्सक आवृत्तीने तिला प्रक्षेप म्हणून, म्हणजे मागाहून घुसवलेला मजकूर म्हणून, गाळलेले नाही. ती अक्षरशः मूळ आहे. तरीही मूळनिष्ठेचा आग्रह धरणाऱ्यांनी ययातीच्या चर्चेत तिच्या अनुपस्थितीची तक्रार केल्याचे दिसत नाही, आणि म्हणून उद्या एखाद्या मराठी लेखिकेने तिला कथेच्या मध्यभागी आणून तिच्या बापाला, गालवाला आणि विश्वामित्राला जाब विचारायला लावले, तर त्या कादंबरीला विकृती म्हणण्याचा अधिकार त्यांनी आजच गमावलेला आहे.